मोटारीचे इंजिन ठोकू लागले तर : खोलून बांधावे की बदलावे?

मँचेस्टर हे नाव आपल्या बेटावरील लहान मुलालाही ठाऊक असते. ज्या फुटबॉल संघावरून आपल्या घराघरांत भाऊ-भाऊ भांडतात, त्या संघाचे हे शहर. जुन्या पिढीला ते कापडाच्या गिरण्यांचे शहर म्हणून माहीत होते. परंतु मोटारीच्या इंजिनाच्या इतिहासातील दोन महत्त्वाची पाने याच शहरात लिहिली गेली, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते. त्या दोन पानांच्या आधाराने आज आम्ही एका अगदी घरगुती प्रश्नाविषयी लिहीत आहोत. प्रश्न असा की, आपल्या मोटारीच्या इंजिनातून एके दिवशी ठक्‌ ठक्‌ असा आवाज येऊ लागला, तर तो कशाचा हे ओळखावे कसे. आणि आजार मोठा निघाला, तर इंजिन खोलून पुन्हा बांधावे, दुसरे बसवावे, की गाडीलाच निरोप द्यावा?

प्रश्न साधा दिसतो. पण घर बांधणे आणि मुलांचे शिक्षण यांच्या खालोखाल पुष्कळ कुटुंबांची मोठी रक्कम मोटारीतच अडकलेली असते. घाईत घेतलेला एक निर्णय वर्षभराची बचत खाऊन टाकतो. म्हणून वाचकांनी हा विषय केवळ मेकॅनिकचा समजू नये.

तेलाचा पातळ पडदा

मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात, म्हणजे पुढे ज्याचे विद्यापीठ झाले त्या संस्थेत, १८६८ सालापासून ओझबर्न रेनॉल्ड्स नावाचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्या काळी रेल्वेच्या आसाला तेल घालतात, तेल घातले की आस गरम होत नाही, एवढे सर्वांना माहीत होते. पण तेल नेमके काय करते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. १८८३ साली बोशाँ टॉवर नावाच्या इंजिनिअरने आपल्या प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला. फिरत्या आसावर बसलेल्या बेअरिंगला त्याने वरून एक भोक पाडले होते. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल वर येऊ लागले. त्याने बूच मारले, तर तेलाने ते बूच बाहेर फेकले. लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर आली! वरून एवढे वजन दाबत असताना खालचे तेल वर उसळते कसे?

त्याचे उत्तर रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली गणिताने दिले. आस फिरतो तेव्हा तो आपल्याबरोबर तेल ओढून नेतो आणि बेअरिंगच्या अरुंद फटीत ते पाचरीसारखे घुसते. त्या पाचरीत इतका दाब निर्माण होतो की, सगळे वजन तेलच उचलून धरते. म्हणजे नीट चालणाऱ्या यंत्रात लोखंडाला लोखंड लागतच नाही. दोहोंच्या मध्ये तेलाचा पातळ पडदा असतो.

आजच्या आपल्या मोटारीतही हाच नियम चालतो. पिस्टन वरखाली होतो, त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला फिरवतो आणि जिथे रॉड क्रँकला धरतो तिथे एक अर्धगोल बेअरिंगची जोडी असते. तिला मेकॅनिक मंडळी बिग एंड म्हणतात. तेथील मोकळीक साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर पिस्टनला सेकंदाला १०० वेळा दिशा बदलावी लागते. एवढी ओढाताण तो तेलाचा पडदा सहन करतो. तेल कमी पडले, जुने होऊन निकामी झाले, किंवा तेलाच्या पंपाचा दाब उतरला, की पडदा फाटतो. धातूला धातू लागतो. बेअरिंग झिजते, मोकळीक वाढते, आणि मग रॉड प्रत्येक फेऱ्याला क्रँकवर हातोडीसारखा आपटू लागतो. आपल्याला ऐकू येतो तो हाच ठोका.

रॉइस यांची जुनी गाडी

दुसरे पान हेन्री रॉइस यांचे. १८६३ साली जन्मलेला हा गरिबाघरचा मुलगा. वडील लवकर गेले, शाळा फारशी झाली नाही, लहानपणी वर्तमानपत्रे विकली. मावशीने पैसे भरून त्याला रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीला लावले. पण तिचे पैसे संपले तशी ती उमेदवारीही अर्धवट राहिली. १८८४ साली आपल्या गाठीचे २० पौंड आणि भागीदार अर्नेस्ट क्लेअरमाँट याचे ५० पौंड घालून रॉइस यांनी मँचेस्टरच्या ह्यूम भागात, कुक स्ट्रीटवर, छोटासा कारखाना काढला. विजेच्या घंटांपासून सुरुवात करून ते डायनमो आणि विजेच्या क्रेन बनवू लागले.

पुढे त्यांनी एक जुनी, दोन सिलिंडरची फ्रेंच मोटार विकत घेतली. तिचे नाव देकोव्हिल. तिचा आवाज, तिची धरधर, तिचे वारंवार बिघडणे रॉइस यांच्या कानांना आणि हातांना सहन होईना. त्यांनी ती गाडी खोलली आणि एकेक भाग तपासला. यातला कोणता भाग मुळातच चांगला आहे, कोणता बरा करता येईल आणि कोणता टाकून नवा घडवावा लागेल, याचा विचार केला. शेवटी त्यांनी ठरवले की, या गाडीला ठिगळे लावण्यापेक्षा तिच्यापासून शिकून आपण स्वतःच गाडी बनवावी. १ एप्रिल १९०४ रोजी त्यांची पहिली मोटार कुक स्ट्रीटच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्याच वर्षी ४ मे रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात त्यांची चार्ल्स रोल्स यांच्याशी भेट झाली आणि पुढची गोष्ट साऱ्या जगाला ठाऊक आहे. १९०८ साली कारखाना डर्बीला गेला, पण ह्यूम भागात रॉइस रोड आणि रोल्स क्रेसेंट ही रस्त्यांची नावे आजही आहेत.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, रॉइस यांनी आधी खोलून पाहिले आणि मग ठरवले. आपल्यापैकी पुष्कळजण नेमके उलट करतात. आधी ठरवतात आणि मग खोलतात.

आवाज ओळखावा कसा

इंजिनातला प्रत्येक आवाज म्हणजे इंजिनाचे मरण नव्हे. आम्ही काही आवाज वेगवेगळे करून सांगतो.

पहिला आवाज चढावर येणारा. गाडी चढण चढत असताना ॲक्सिलरेटर दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखी बारीक खणखण होते आणि पाय उचलला की थांबते. हा बहुधा पेट्रोल वेळेआधी भडकल्याचा आवाज असतो. हलके पेट्रोल, चुकलेले इग्निशन, आत साठलेला कार्बन किंवा इंजिन फार तापणे ही त्याची कारणे. इलाजही तसाच, योग्य प्रतीचे पेट्रोल, प्लग, सेन्सर आणि कूलिंग यांची तपासणी. पण हा आवाज वर्षानुवर्षे चालू ठेवला, तर पिस्टनला भोक पडू शकते, हे विसरू नये.

दुसरा आवाज वरच्या बाजूने येणारी टिकटिक. शिवणयंत्रासारखी हलकी, वेगवान. ही टॅपेटची. पुष्कळदा तेलाची पातळी कमी असल्यानेच ती येते. तेल भरून आणि वेळेवर बदलून ती जाते, किंवा टॅपेट जुळवावे लागतात.

तिसरा आवाज सकाळच्या गारठ्यात येणारा, पोकळ, आणि इंजिन गरम झाले की कमी होणारा. हा पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटण्याचा. धातू गरम होऊन फुगला की फट भरते आणि आवाज जातो. अशी गाडी तेलावर लक्ष ठेवून पुष्कळ दिवस चालवता येते.

चौथा आवाज बिग एंडचा. हा खोल, दमदार ठोका असतो. इंजिनाचा वेग वाढवला की ठोकेही वाढतात, इंजिन गरम झाल्यावर आवाज अधिक स्पष्ट होतो आणि वेग धरून हळूच पाय उचलला की तो खडखडतो. सोबत तेलाचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर शंका फारशी उरत नाही.

पाचवा आवाज मुख्य बेअरिंगांचा. तो आणखी खालून, घुमल्यासारखा येतो आणि इंजिनावर भार पडला की वाढतो.

आणि सहावा प्रकार फसव्या आवाजांचा. सायलेन्सरवरचा सैल झालेला पत्रा, तुटलेले इंजिन माउंटिंग, सैल पुली, ढिली टायमिंग चेन, फ्लायव्हीलला गेलेला तडा, हे सर्व ठोक्याचे सोंग आणतात. यांपैकी काहींचा खर्च एका दिवसाच्या मजुरीपलीकडे जात नाही. डिझेल इंजिनाचा स्वभावच थोडा ठोकण्याचा असतो, तेही ध्यानात ठेवावे.

ओळखण्याची रीत सोपी आहे. तिला धीर मात्र हवा. प्रथम इंजिन बंद करून डिपस्टिक काढावी आणि तेल किती व कसे आहे ते पाहावे. मग जाणकार मेकॅनिक डॉक्टरासारखी नळी लावून, किंवा लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी धरून आवाज कोठून येतो ते ऐकतो. त्यानंतर तो एकेका सिलिंडरचे काम थोडा वेळ बंद करतो. ज्या सिलिंडरचे काम बंद केल्यावर ठोका मंदावतो, दोष बहुधा त्याच सिलिंडरच्या रॉडमध्ये असतो. आजच्या गाड्यांत हे काम यंत्र जोडून करतात. घरी कोणीही प्लगच्या वायरला हात घालू नये, जबर धक्का बसतो. मग तेलाचा खरा दाब गेज लावून मोजावा. शेवटी तेल काढून, फिल्टर कापून त्यात चकाकणारा कीस आहे का ते पाहावे. लोहचुंबकाला चिकटला तर पोलादाचा; न चिकटणारा तांबूस किंवा रुपेरी कीस दिसला तर बेअरिंगचा.

एवढे सगळे होईपर्यंत गाडी चालवू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. ठोकणारा रॉड तुटला, तर तो इंजिनाच्या भिंतीला भोक पाडून बाहेर येतो. मग बांधावे की बदलावे हा प्रश्नच उरत नाही.

आमच्या भाचीची गाडी

आपल्या देशातून १९६० आणि १९७० च्या दशकांत पुष्कळ तरुण-तरुणी परिचारिकेच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, हे वाचकांना माहीत आहेच. त्यांच्या पाठोपाठ पुढच्या पिढीतलीही काही मुले गेली. आमची एक भाची मँचेस्टरला रुग्णालयात काम करते. तिची पाळी पुष्कळदा रात्रीची असते. घरापासून रुग्णालय दूर आणि पहाटेच्या गारठ्यात दोन बस बदलून घरी यायचे म्हणजे झोपेचे दोन तास गेले. म्हणून तिच्या वडिलांनी, आमच्या मेहुण्यांनी, आपल्या निवृत्तीच्या पैशांतून तिला एक जुनी जपानी गाडी घेऊन दिली होती. पुढे मेहुणे वारले. गाडी राहिली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिच्याकडे असताना त्या गाडीने ठोका धरला. जवळच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून मिनिटभर ऐकले आणि सांगितले की इंजिन गेले, दुसरे बसवा. किंमतही लगेच सांगितली. त्याने डिपस्टिक काढली नाही, तेल पाहिले नाही, खाली वाकला नाही. आम्ही भाचीला म्हटले, "बाळ, नाडी न बघता शस्त्रक्रिया सांगणाऱ्या डॉक्टरकडे तू रोगी ठेवशील का?" ती हसली, आणि आम्ही गाडी दुसरीकडे न्यायची ठरवली. चालवत नव्हे, ट्रकवर चढवून.

दुसरे गॅरेज एका वयस्क गुजराती गृहस्थांचे होते. पूर्व आफ्रिकेतून लहानपणी इंग्लंडला आलेले. त्यांनी वर सांगितलेली प्रत्येक पायरी आमच्यासमोर केली. तिसऱ्या सिलिंडरचे काम बंद करताच ठोका निम्म्यावर आला. तेल काढले, तर ते काळे आणि चकाकते. खालची टाकी उतरवून त्यांनी तिसऱ्या रॉडचे बेअरिंग हातावर ठेवले. वरचा करडा मऊ थर निघून गेला होता आणि आतले तांबे उघडे पडले होते. क्रँकवर नख फिरवले, तर नख अडकले.

नख अडकले, एवढ्यात निम्मा निकाल लागला. क्रँक गुळगुळीत असता, तर नुसती नवी बेअरिंगे घालून भागले असते. पण चरे पडलेल्या क्रँकवर नवे बेअरिंग घालणे म्हणजे खडबडीत फरशीवर नवी चटई ओढणे. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.

चार वाटा

आता आमच्यापुढे चार वाटा होत्या आणि अशा प्रसंगी त्या साधारण सर्वांपुढेच असतात.

पहिली वाट इंजिन पूर्ण खोलून बांधण्याची. इंजिन उतरवायचे, क्रँक ग्राइंडिंगला पाठवायचा, तो ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने बारीक करून त्या मापाची जाड बेअरिंगे घालायची. सिलिंडर मोजायचे, झिजले असतील तर बोअर करून मोठे पिस्टन घालायचे. तेलाचा पंप, रिंगा, गॅस्केट, सारे नवे. तेलाच्या वाटांतला कीस धुऊन काढायचा. तो राहिला तर नवी बेअरिंगेही खातो. काम चांगले झाले तर इंजिन नव्यासारखे होते आणि आत काय आहे हे आपल्याला ठाऊक असते. पण वेळ आणि मजुरी दोन्ही भरपूर लागतात, आणि हे काम जाणणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत.

दुसरी वाट रिकंडिशन केलेले इंजिन घेण्याची. आपले जुने इंजिन देऊन कारखान्यात बांधलेले दुसरे घ्यायचे. हमी मिळते, वेळ वाचतो. पण हमीचा कागद नीट वाचावा. सुटे भाग आणि मजुरी दोन्ही तिच्यात येतात का ते विचारावे.

तिसरी वाट भंगारवाल्याकडून, अपघातात सापडलेल्या गाडीचे चालू इंजिन घेण्याची. ही स्वस्त आहे, पण ही सोडत आहे. ज्याच्या तेलाकडे कोणी पाहिले नाही असे इंजिन आपल्या नशिबी आले, तर दोनदा मजुरी पडते. घेताना ते चालू करून ऐकावे, किंवा निदान सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. इंग्लंडमध्ये इंजिन बदलले की नवा क्रमांक गाडीच्या नोंदणी खात्याला कळवावा लागतो, तेही विसरू नये.

चौथी वाट गाडी आहे तशी विकून टाकण्याची.

हिशेब

कोणती वाट धरावी याचा हिशेब आम्ही असा मांडतो. समजा, तुमची गाडी चांगली चालत असती, तर बाजारात तिचे १०० रुपये आले असते. ठोकत असलेल्या स्थितीत तिचे २० येतात. दुरुस्तीला ५० लागणार. म्हणजे ५० खर्चून तुम्ही ८० चे मोल परत मिळवता, दुरुस्ती शहाणपणाची. पण दुरुस्तीलाच ९० लागणार असतील, तर तुम्ही ८० मिळवण्यासाठी ९० घालता. तरीही दुरुस्ती करावी का? करता येईल, पण एकाच अटीवर. बाकीची गाडी इतकी धडधाकट हवी की पुढची काही वर्षे ती दुसरा खर्च मागणार नाही. कारण त्याच किंमतीची दुसरी जुनी गाडी घेतली, तर तिच्या आतले रोग आपल्याला ठाऊक नसतात.

म्हणून इंजिनाचा निर्णय शेवटी इंजिन पाहून होतच नाही. तो गाडीच्या पोटाखाली वाकून करावा लागतो. गिअरबॉक्स, क्लच, सस्पेन्शन आणि सर्वांत आधी गंज!

त्या गृहस्थांनी तेच केले. इंग्लंडमध्ये तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी एम.ओ.टी. नावाची तपासणी होते आणि तिचा मागचा सारा इतिहास सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतो. त्यांनी भाचीच्या गाडीचा इतिहास काढला. दोन वर्षे लागोपाठ तपासनिसाने खालच्या सांगाड्याला गंज चढत असल्याची सूचना लिहिली होती. हिवाळ्यात तिकडे रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते मीठ गाडीचे पोट खाते. त्यांनी टॉर्च लावून आम्हाला दाखवले. हातोडीने हलके ठोकले, तर पत्र्याचे पोपडे खाली पडले.

"बेटा," ते भाचीला म्हणाले, "इंजिन मी बांधून देईन. उत्तम बांधीन. पण दोन वर्षांत हा सांगाडा वेल्डिंगलाही दाद देणार नाही. माझे इंजिन चांगले राहील आणि तुझी गाडी भंगारात जाईल. तुझे पैसे मी घेऊ नयेत."

भाची थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, बाबांनी दिलेली गाडी आहे." आम्ही एवढेच सांगितले की, "तुझ्या बाबांनी तुला गाडी दिली नव्हती. रात्रपाळीहून सुखरूप घरी येण्याची सोय दिली होती. ती सोय चालू ठेव." ती गाडी भंगारात गेली. आलेल्या पैशांत आणि बांधणीसाठी बाजूला काढलेल्या रकमेत तिने दुसरी गाडी घेतली. घेण्यापूर्वी तिचा एम.ओ.टी.चा इतिहास, तेल आणि पोट, तिन्ही त्याच गृहस्थांनी तपासून दिले. त्या दिवशी त्यांनी हातचे मोठे काम सोडले होते. चांगला मेकॅनिक कसा ओळखावा असे कोणी आम्हाला विचारले, तर आम्ही हेच उदाहरण देऊ.

लहान उपाय आधी

याचा अर्थ प्रत्येक वेळी टाकून द्यावे असा नाही. मँचेस्टरनेच उलट धडाही दिला आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या लढाऊ विमानांत रॉल्स-रॉइसचे मर्लिन नावाचे इंजिन होते. शहराला लागून असलेल्या ट्रॅफर्ड पार्क भागात फोर्डच्या कारखान्याने ही ३०,००० हून अधिक इंजिने बांधली आणि तेथे हजारो स्त्रिया काम करीत. त्या इंजिनात एक खोड होती. विमानाने एकदम नाक खाली केले, की कार्ब्युरेटरमधले पेट्रोल भलतीकडे जाई आणि इंजिन क्षणभर बंद पडे. शत्रूच्या विमानांचे पडत नसे. मँचेस्टर विद्यापीठात शिकलेल्या बिआट्रिस शिलिंग या महिला इंजिनिअरने त्यावर उपाय शोधला. इंजिन बदलले नाही, कार्ब्युरेटरही बदलला नाही. पेट्रोलच्या वाटेत भोक पाडलेली एक छोटी धातूची चकती बसवली. १९४१ साली विमाने जागेवरच ठेवून त्या चकत्या बसवण्यात आल्या. खोडीचे मूळ त्याने गेले नाही, पण वैमानिकांवरचे संकट टळले.

तेव्हा लहान इलाजाने भागते का, हे आधी पाहावे. मोठा इलाज करावाच लागला, तर आधी रोगाचे कारण काढावे. तेलाचा पंप कमजोर होता म्हणून बेअरिंग गेले असेल आणि आपण नुसते बेअरिंगच बदलले, तर नवे बेअरिंगही त्याच वाटेने जाईल.

आपल्या बेटावर

आता घरच्या गोष्टीकडे वळू. मँचेस्टरला रस्त्यावरचे मीठ गाडी खाते, तर आपल्याकडे समुद्रावरचे वारे तेच काम वर्षाचे बारा महिने करतात. किनाऱ्यावरच्या गावांत राहणाऱ्यांनी तरी इंजिनावर मोठा खर्च करण्यापूर्वी गाडी वर उचलून खालचा पत्रा हातोडीने तपासून घ्यावा.

दुसरे असे की, आपल्याकडे ‘रिकंडिशन’ हा शब्द फार सैल वापरला जातो. जपानहून आलेल्या जुन्या गाडीला आपण रिकंडिशन गाडी म्हणतो, पण त्या शब्दावरून तिचे इंजिन कोणी खोलून बांधले असे समजू नये. इंजिन रिकंडिशन करणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यात क्रँक, बोअर, बेअरिंगे यांची मापे घेतलेली असतात आणि ती कागदावर असतात. विकणाऱ्याने इंजिन रिकंडिशन केले असे सांगितले, तर मापांचा कागद मागावा. कागद नसेल, तर रंग लावलेले जुने इंजिन समजावे.

तिसरे, जुनी गाडी घ्यायची असेल, तर सकाळी इंजिन थंड असताना जावे. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी यावे. थंडपणी एकदा ऐकावे, अर्धा तास चालवून गरमपणी पुन्हा ऐकावे. दोन्ही वेळचे आवाज वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

आपल्यापैकी कित्येकांचे वाडवडील साखर कारखान्यांत यंत्रावर होते. ऊस गाळणीच्या हंगामात कोणत्या बेअरिंगचा सूर बदलला, हे ते नुसत्या कानाने सांगत. तो कान आपल्या मुलांनाही येऊ शकतो. मुलगा असो की मुलगी, गाडी चालवायला शिकवताना डिपस्टिक काढून तेल बघायलाही शिकवावे, दर महिन्याला एकदा. परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांना तर हे अवश्य सांगावे, कारण तिथे ओळखीचा मेकॅनिक नसतो.

तेल वेळच्या वेळी बदलण्याचा खर्च इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. आणि एवढी काळजी घेऊनही ठोका आलाच, तर रस्त्याच्या कडेला गाडी घ्यावी, किल्ली फिरवून इंजिन बंद करावे, आणि घरी पायी गेले तरी चालेल.